पूल फ्रॉस्टचा, खापर पोलिश जनरलच्या डोक्यावर

नेदरलँड्समधल्या आर्न्हेमच्या पुलावर उभं राहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, खरं सांगू? अरे, हा तर आपला पुणेकर! ज्याच्या नावाने हा पूल ओळखला जातो तो दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश पॅराशूट बटालियनचा प्रमुख जॉन फ्रॉस्ट जन्मला पुण्यात, ३१ डिसेंबर १९१२ ला, वडील इंडियन आर्मीत होते म्हणून. आता त्याचा पुण्याशी पुढे काय संबंध राहिला तर जवळपास काहीच नाही, पण आम्हा पुणेकरांना तेवढं पुरतं, मी लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि काकांचा रिप्लाय आला, 'मग, पूल वेळेवर झाला असणार!' (तो मूळचा पूल नाहीच, तो १९४४ मध्येच गेला, आजचा युद्धानंतर बांधलाय, पण काकांना कोण सांगणार.)

त्या वेळी मी कामासाठी वर्षभर नेदरलँड्समध्ये होतो आणि वीकेंडला सायकल काढून कुठेतरी जायचो. त्याच दिवशी दुपारी पश्चिमेला ओस्टरबेकला गेलो, तिथून माणसं आणि सायकली नेणारी छोटी फेरी आहे, तिने नदी ओलांडली की पलीकडे ड्रील. गाव म्हणजे एक चर्च, चार गल्ल्या आणि भोवती फळबागा. चर्चसमोरच्या चौकाला नाव आहे पोलिश लोकांचं. तिथे एका जनरलचं स्मारक आहे, स्टानिस्वाव सोसाबोव्स्की. ज्याचं नाव मी तोपर्यंत नीट ऐकलेलंही नव्हतं, आणि युद्धाच्या गोष्टी वाचण्यात माझी अर्धी कॉलेजची वर्षं गेलीत.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट बसलीये आणि ती आज एकदाची लिहूनच टाकतो. आर्न्हेमची लढाई लोक 'शौर्याची लढाई' म्हणून सांगतात, आणि शौर्य होतंच, त्यात वाद नाही, पण त्या शौर्याच्या गोष्टीआड एक अत्यंत साधी गोष्ट लपते. ज्या ज्या माणसांनी आधी सांगितलं होतं की बाबांनो हे जमणार नाही, त्या प्रत्येकाला गप्प केलं गेलं, आणि हरल्यावर त्यांच्यातल्याच एकाच्या माथी खापर फोडलं. आणि हे आपण अजूनही 'युद्धात असं होतंच' म्हणून सोडून देतो.

थोडक्यात काय झालं ते सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

सप्टेंबर १९४४. फ्रान्समधून जर्मन पळत सुटलेत. ब्रिटिश फील्डमार्शल मॉन्टगोमरीची आयडिया अशी की हॉलंडमधल्या एकामागोमाग एक नद्यांवरचे पूल छत्रीधारी सैनिक टाकून ताब्यात घ्यायचे, आणि बेल्जियमच्या सरहद्दीपासून आर्न्हेमपर्यंत साधारण शंभर किलोमीटर एकाच रस्त्याने रणगाडे पुढे सरकवायचे, ऱ्हाईन ओलांडली की थेट जर्मनी. नाव 'मार्केट गार्डन'. खालचे पूल अमेरिकन १०१ आणि ८२ डिव्हिजनकडे, सगळ्यात वरचा आणि शेवटचा आर्न्हेमचा पूल ब्रिटिश पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनकडे, तिचा प्रमुख रॉय अर्कहार्ट, आणि पोलिश पॅराशूट ब्रिगेड तिच्या जोडीला. दोन दिवस धरून ठेवा, रणगाडे येतायत, असं सांगितलेलं. १७ तारखेला विमानं उडाली. २५-२६ च्या रात्री उरलेले लोक अंधारात, पावसात नदी पार करून परत आले. गेले होते दहा हजारांवर, परतले अडीच हजारांच्या आत. दीड हजाराच्या आसपास मेले, बाकीचे बहुतेक कैद. पूल मिळाला नाही.

आता फ्रॉस्ट. त्याच्याबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. शिकारीचं शिंग फुंकून आपल्या बटालियनला गोळा करणारा माणूस, ते शिंग त्याला इराकमध्ये असताना तिथल्या शिकार क्लबने दिलेलं. निघताना ऑर्डर्लीला सांगितलं होतं की मागून येणाऱ्या गाडीत माझे गोल्फचे क्लब आणि डिनर जॅकेट ठेव! म्हणजे आत्मविश्वास किती होता बघा. विमानांनी त्यांना पुलापासून आठ ते तेरा किलोमीटर लांब टाकलं. तीन बटालियन तीन वाटांनी निघाल्या, दोन अडकल्या, फ्रॉस्टची तेवढी नदीकाठच्या वाटेने अंधार पडता पडता पुलाच्या उत्तर टोकाला पोचली. सगळे धरून सातशे-साडेसातशे माणसं. जे काम दहा हजारांच्या डिव्हिजनने दोन दिवस करायचं होतं ते त्यांनी तीन रात्री आणि वर थोडं केलं, दारूगोळा संपेपर्यंत. फ्रॉस्टच्या पायात मॉर्टरचे तुकडे घुसले, तळघरात जखमींचा ढीग, वर घर पेटलेलं, शेवटी जखमींसाठी दोन तास गोळीबार थांबवून त्यांना जर्मनांच्या हवाली केलं, त्यात फ्रॉस्टही.

समोरच्या बाजूचा एक माणूस इथे यायलाच हवा, व्हिक्टर ग्रेबनर. एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या फौजेच्या, नवव्या डिव्हिजनच्या टेहळणी तुकडीचा कॅप्टन. १७ ला त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं, त्याच संध्याकाळी तो पूल ओलांडून दक्षिणेला नाइमेगनकडे बघून आला, आणि १८ ला सकाळी परत येताना पाहतो तर पुलाच्या उत्तरेला ब्रिटिश! शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. याने वीस-बावीस चिलखती गाड्या आणि ट्रक भरधाव सोडले पुलावर. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांतून रणगाडाविरोधी तोफा आणि पियाट (एका माणसाने डागायचं रणगाडाविरोधी हत्यार) वाट बघत होते. अर्ध्याहून जास्त गाड्या तिथेच जळाल्या, स्वतः ग्रेबनर त्यात गेला. म्हणजे आंधळा आत्मविश्वास फक्त एका बाजूकडे होता असं नाही.

पण जर्मनांकडे एक गोष्ट होती. त्यांचा खालचा माणूस थांबून वरच्याची परवानगी विचारत बसला नाही. फील्डमार्शल मोडेल ओस्टरबेकच्या हॉटेलात मुक्कामाला होता, डोक्यावर पॅराशूट उघडताना बघून त्याला आधी वाटलं हे मलाच पकडायला आलेत, गाडीत बसून निघाला. तो थेट बिट्रिखकडे गेला. विल्हेल्म बिट्रिख, दुसऱ्या एसएस पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) कोअरचा प्रमुख, त्याच्या हातात दोन डिव्हिजन, नववी आणि दहावी, नॉर्मंडीत पार झिजलेल्या, पण झिजलेल्या पँझर डिव्हिजनला पण चिलखती गाड्या आणि जुनेजाणते सार्जंट असतात. बिट्रिखने मोडेल यायच्या आधीच दोन्ही डिव्हिजनना हुकूम सोडले होते, एक आर्न्हेमकडे, एक नाइमेगनकडे. वर, एका पडलेल्या ग्लायडरमध्ये (बिनइंजिनाच्या विमानात) सगळ्या मोहिमेचे कागद सापडले ते जनरल श्टुडेंटकडे आले. हाच श्टुडेंट १९४१ मध्ये क्रीटवर छत्रीधारी उतरवून इतकी माणसं गमावून बसला होता की हिटलरने त्यानंतर तसं मोठं काही करूच दिलं नाही. म्हणजे ज्याला या धंद्याचे चटके बसलेत असा माणूस समोर बसलेला, आणि इकडच्यांना क्रीटवरून एवढंच कळलं की बेट घेता येतं.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीये कारण आपल्याकडच्या युद्धप्रेमी मंडळींना (मीही त्यातलाच) एसएसच्या गणवेशाचं एक विचित्र आकर्षण असतं. २४ तारखेला ब्रिटिश डॉक्टर वॉरॅक बिट्रिखकडे गेला, जखमींना बाहेर काढू द्या म्हणाला, आणि बिट्रिखने हो म्हटलं, लढाई थांबली, शेकडो जखमी जर्मन ताब्यातल्या हॉस्पिटलात गेले. चांगलं केलं. त्याचं श्रेय द्या. पण तेवढ्यावरून 'बघा किती सज्जन शत्रू' म्हणून गळे काढू नका. तो वाफन-एसएसचा जनरल होता, आणि युद्धानंतर जुन्या एसएसवाल्यांना साधे सैनिक म्हणून मान्यता मिळावी म्हणून खटपट करणाऱ्या संघटनेत सक्रिय होता. 'सभ्य शत्रू' ही गोष्ट हरलेल्यालाही आवडते, कारण शत्रू ग्रेट असला की आपली हार ग्रेट होते आणि आपली चूक लहान. म्हणून मला वाटतं आर्न्हेममध्ये जर्मन किती भारी लढले यावर पानंच्या पानं लिहिली गेली त्याचं एक कारण हेही आहे.

आता मुद्द्याचं. कोणाला काय माहिती होतं?

एक. ब्राउनिंगचा इंटेलिजन्स ऑफिसर, ब्रायन अर्कहार्ट, वय पंचवीस. (डिव्हिजनवाल्या अर्कहार्टशी नातं नाही.) हा फ्रेडरिक ब्राउनिंग म्हणजे सगळ्या एअरबोर्न कोअरचा प्रमुख, देखणा, कडक इस्त्रीचा, कादंबरीकार डॅफ्नी द्यु मॉरिएचा नवरा. ब्रायनला शंका आली म्हणून त्याने विमानातून खालच्या उंचीवरून फोटो मागवले, त्यात आर्न्हेमजवळ रणगाडे दिसले, ते ब्राउनिंगच्या टेबलावर ठेवले. त्याच्या सांगण्याप्रमाणे ब्राउनिंग म्हणाला की ते चालण्यासारखे नसतील, आणि थोड्या वेळाने डॉक्टर आला आणि म्हणाला तुम्हाला थकवा आलाय, सक्तीची रजा. विमानं उडाली तेव्हा हा घरी. पुढे हाच माणूस संयुक्त राष्ट्रांत उपमहासचिव झाला, शांतिसेना उभी करण्यात त्याचा मोठा हात, १०१ वर्षं जगला.

दोन. डच भूमिगत लोक. त्यांनी रणगाड्यांच्या बातम्या कळवल्या होत्या. पण आधी १९४२-४३ मध्ये जर्मनांनी ब्रिटिशांचे हॉलंडमधले एजंट एकेक करून पकडून त्यांच्याच रेडिओवरून लंडनला फसवलं होतं, तेव्हापासून ब्रिटिशांचा डच लोकांवर विश्वास नाही. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं समजू शकतो, पण यांनी ताक ओतूनच दिलं. लढाई चालू असताना ब्रिटिशांचे वायरलेस सेट झाडीत आणि घरांत निकामी ठरले, पुलावरच्या फ्रॉस्टशी बोलता येईना, रॉय अर्कहार्ट स्वतः बघायला पुढे गेला तो गल्लीत अडकून एका घराच्या माळ्यावर लपून बसला, दारात जर्मन तोफगाडी उभी, दीड दिवसाहून जास्त डिव्हिजनला प्रमुखच नाही! त्याच्या जागी कोण, यावर हिक्स आणि हॅकेट दोन ब्रिगेडिअरांची रात्री बाचाबाची, कारण सीनियर हॅकेट आणि नेमलेला हिक्स, आणि हा क्रम निघताना घाईघाईत एकट्या चीफ ऑफ स्टाफच्या कानावर घातलेला. आणि हे सगळं होत असताना आर्न्हेमची साधी टेलिफोन लाइन चालू होती हो, डच लोक आपसात त्यावर बोलत होते! कोणाला वाटलं नाही की यांना विचारावं.

तीन, सोसाबोव्स्की.

१८९२ चा जन्म. १९३९ मध्ये वॉर्सॉच्या लढाईत रेजिमेंट चालवली, शहर पडलं, कैदेतून निसटला, फ्रान्स, मग ब्रिटन. पन्नाशीला आलेला माणूस स्वतः पॅराशूट उडी शिकला आणि १९४१ मध्ये ब्रिगेड उभी केली. ब्रिगेडचं ब्रीद 'सर्वात जवळच्या वाटेने', म्हणजे सर्वात जवळच्या वाटेने घरी, पोलंडला. या लोकांना एक दिवस वॉर्सॉवर उतरायचं होतं, त्यासाठीच ती उभी केली होती. त्यातले काही जण सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेले. आणि इथे आपला धागा लागतो, कारण त्याच सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश बायका-मुलं त्याच वर्षी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यात राहत होती, पाच हजारांच्या आसपास, १९४३ ते ४८. त्यांच्यापैकी कितीतरी जणींचे नवरे, भाऊ पोलिश फौजेत होते. वॉर्सॉत वळिवड्याच्या त्या छावणीचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे जाऊन आले तेव्हा दोन दिवस आपल्या चॅनेलवर वळिवडे वळिवडे चाललं होतं.

१ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सॉने जर्मनांविरुद्ध उठाव केला. सोसाबोव्स्कीची ब्रिगेड इंग्लंडमध्ये, ब्रिटिश हुकुमाखाली. शहर जळतंय, आणि यांना सांगितलं हॉलंडला चला. त्याचा मुलगा त्या उठावात लढत होता, डोळे गमावून बसला. हा माणूस चिडका झाला असेल तर नवल काय!

मार्केट गार्डनच्या आठवडाभर आधी तसाच एक छोटा प्लॅन होता, 'कॉमेट', त्यात एवढ्याच कामाला आणखी कमी माणसं. त्याच्या बैठकीत सोसाबोव्स्कीने विचारलं, आणि जर्मन? त्यांचं काय? सगळे नकाशावर आपल्याच बाणांचं बोलत होते, समोरच्याचं कोणी बोलतच नव्हतं. त्याने तर हुकूम लेखी मागितला, म्हणजे उद्या सत्यानाश झाला तर जबाबदारी माझ्यावर नको. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही 'लेखी द्या' या दोन शब्दांचा अर्थ कळतो. आणि असं म्हणणारा माणूस साहेबाला किती आवडतो तेही कळतं.

त्याची ब्रिगेड १९ तारखेला पुलाच्या दक्षिणेला उतरायची होती. इंग्लंडात धुकं. दोन दिवस रोज विमानात बसा, उतरा. २१ ला उडाले, आता जागा बदलून ड्रील, आणि वाटेत परत फिरा असा संदेश गेल्याने बरीच विमानं माघारी, उतरले हजाराच्या आसपास. इथून फेरीने पलीकडे जायचं असं ठरलेलं. तिथे ड्रीलची रेडक्रॉसची कार्यकर्ती कोरा बाल्टुसेन त्यांना भेटली आणि म्हणाली, फेरी नाहीये, गेली. मी ज्या फेरीने सायकल घेऊन दोन मिनिटांत आलो तीच जागा. पलीकडे ओस्टरबेकमध्ये ब्रिटिश अंगठ्याएवढ्या जागेत चेपलेले, मधे नदी, वरच्या टेकडीवरून जर्मन मशीनगन, आणि यांच्याकडे होड्या नाहीत. रबरी चार-दोन बोटींतून पहिल्या रात्री पन्नासेक माणसं पलीकडे गेली. दुसऱ्या रात्री दीडशेच्या आसपास.

२४ ला वाल्बर्ग गावात बैठक. मला हा प्रसंग कायम डोळ्यासमोर येतो. तंबूत एका बाजूला टेबलामागे खुर्च्यांवर हॉरॉक्स, ब्राउनिंग, थॉमस, तिन्ही ब्रिटिश जनरल. समोर सोसाबोव्स्की, त्याच्या दुभाष्या ऑफिसरला बसायला खुर्ची देईनात. थॉमस सांगतो, आज रात्री आमची एक बटालियन आणि तुमची एक पलीकडे जाईल, अमुक जागेवरून. सोसाबोव्स्की म्हणाला, जागा चुकीची आहे, तिथे जर्मन बसलेत, आणि एक बटालियन पुरणार नाही, जायचं तर मोठ्या संख्येने आणि दुसरीकडून जाऊ, नाहीतर माणसं परत आणा. उत्तर काय, तर हुकूम पाळायचा नसेल तर दुसरा माणूस बघतो. त्या रात्री ब्रिटिश डॉर्सेट बटालियनचे तीनशेच्या आसपास लोक त्याच जागेवरून गेले. दोनशेच्या आसपास पकडले गेले. दुसऱ्या रात्री माघार.

पुढचं पटकन सांगतो कारण ते सांगताना माझं डोकं फिरतं. मॉन्टगोमरीने १७ ऑक्टोबरला वर पत्र लिहिलं की पोलिश ब्रिगेड फार वाईट लढली, जीव धोक्यात घालायची तयारी नव्हती. हाच मॉन्टगोमरी सगळी मोहीम नव्वद टक्के यशस्वी म्हणत होता, म्हणजे नव्वद टक्के यश आणि उरलेले दहा टक्के पोलिश लोकांमुळे गेले? २० नोव्हेंबरला ब्राउनिंगने पत्र लिहिलं की सोसाबोव्स्की जमवून घेण्यास अवघड, हाताळायला कठीण, त्याला दूर करा. त्यात तक्रारींपैकी एक तक्रार अशी की ऐन लढाईत हा दोन-तीन ट्रक जास्त मागत बसला होता. दोन-तीन ट्रक! स्वतः ब्राउनिंगने पहिल्याच दिवशी आपल्या हेडक्वार्टरसाठी ३८ ग्लायडर वापरले होते, नाइमेगनजवळ उतरायला, जिथे त्या दिवशी त्याला करण्यासारखं फारसं काही नव्हतं. ते ग्लायडर आर्न्हेमला गेले असते तर आणखी एक मोठी तुकडी पहिल्या दिवशी पुलाकडे निघाली असती. डिसेंबरमध्ये सोसाबोव्स्कीला ब्रिगेडवरून काढलं, पोलिश निर्वासित सरकारने काढलं पण ब्रिटिशांच्या दबावाखाली.

पोलंडमध्ये कम्युनिस्ट आले, त्यांनी त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. तो लंडनला राहिला आणि कारखान्यात काम केलं, इलेक्ट्रिकल पार्ट्सच्या. १९६७ मध्ये वारला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कित्येकांना तो जनरल होता हे तेव्हा कळलं.

आता दुसरी बाजू, कारण लगेच कोणीतरी म्हणेल एकतर्फी लिहिलं. सोसाबोव्स्की खरंच अवघड माणूस होता. फटकळ, अभिमानी, प्रत्येक बैठकीत वाद. ब्राउनिंगचंही पुढे फार भलं झालं असं नाही, त्याला पुन्हा कधी कोअर लढवायला मिळाली नाही, माउंटबॅटनचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून पूर्वेकडे पाठवलं, नंतर सर झाला, राजघराण्याच्या नोकरीत गेला. आणि आर्न्हेम एकट्या ब्राउनिंगमुळे गेलं असंही नाही, लांब उतरवण्याचा निर्णय हवाईदलाने विमानविरोधी तोफांच्या भीतीने घेतला, दिवसात एकच फेरी हा अमेरिकन वाहतूक कमांडचा निर्णय, नाइमेगनचा पूल पहिल्या दिवशी घेतला नाही यात गॅव्हिनच्या ८२ डिव्हिजनचा वाटा, एकेरी रस्ता हा मुळातच वेडेपणा. सगळं मान्य. पण मग मला सांगा, या सगळ्या यादीत पोलिश ब्रिगेड कुठेय? धुकं तिने पाडलं? फेरी तिने बुडवली? इतक्या जणांत ज्याची चूक सगळ्यात कमी, त्यालाच शिक्षा का, याचं उत्तर 'तो भांडकुदळ होता' हे असू शकत नाही. भांडकुदळ माणूस बरोबर असला की जास्तच राग येतो, एवढंच.

आणि हे फक्त गोऱ्यांच्या युद्धात होतं असं समजू नका. त्याच वर्षी, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरच्या डोंगरात संगशाक नावाच्या गावावर भारतीय ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने, आणि त्यांच्याबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने, मियाझाकीच्या जपान्यांना आठवडाभर अडवून धरलं. पाणी नाही, काटेरी तार नाही, खडकात खंदक खणता येत नाही. त्या दिवसांमुळे कोहिमा-इंफाळला तयारीला वेळ मिळाला. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडचे नकाशेसुद्धा त्यांनी मागे पाठवले. बक्षीस काय? ब्रिगेड नीट लढली नाही अशी कुजबुज, आणि ब्रिगेडिअर होप-थॉमसनला बाजूला काढून मायदेशी. आपल्या मराठ्यांची त्या टेकडीवरची झुंज आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी कधी वाचली नाही.

पानिपताचंच घ्या ना. पावणेतीनशे शतकं नाही, पावणेतीनशे वर्षं होत आली (लिहितानाच हसलो, पण कधी कधी तेवढीच लांब वाटतात), आणि अजून आपण भाऊंच्या शौर्यावर पोवाडे गातो आणि होळकर का निघून गेले यावर भांडतो. होळकरांनी गनिमी काव्याने लढा असं सांगितलं होतं म्हणतात. ते आधी काय म्हणाले यापेक्षा शेवटी कुठे गेले यातच आपल्याला रस.

मी आयटीत आहे. एका प्रोजेक्टमध्ये गो-लाइव्हच्या दोन आठवडे आधी आमच्यातल्या एका कॉन्ट्रॅक्टवरच्या टेस्टरने मेल टाकली की लोड घेतला तर सिस्टिम पडेल. तिला सांगितलं, निगेटिव्ह बोलू नको, क्लायंट कॉलवर आहे. सिस्टिम पहिल्या सोमवारी पडली. आम्ही बाकीचे चार रात्री जागून ती उभी केली आणि सगळ्यांना 'हीरो' म्हणून कूपन मिळालं, मलाही मिळालं, मी घेतलंही. तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही, 'टीम फिट नाही' म्हणून. मी तेव्हा काही बोललो नाही. ड्रीलच्या चौकात ते आठवलं.

तर माझं म्हणणं काय? पुलाला फ्रॉस्टचं नाव द्या, पाच व्हिक्टोरिया क्रॉस द्या, हरकत नाही, त्यातले चार मरणोत्तर मिळाले आहेत. पण पराभवानंतर पहिला प्रश्न 'कोण शूर होतं' हा विचारला तर त्याचं उत्तर नेहमी खालच्या माणसांत सापडतं, आणि वरचा माणूस त्या शौर्याच्या सावलीत आरामात उभा राहतो. पहिला प्रश्न पाहिजे की आधी कोण काय म्हणालं होतं आणि ते कोणी ऐकलं नाही. तो इतिहासकाराने पन्नास वर्षांनी नाही, त्याच महिन्यात विचारायला हवा, आणि ज्याची चौकशी व्हायचीये त्याच्याच पत्रावरून दुसऱ्याची नोकरी जाता कामा नये. ही काही फार मोठी मागणी नाहीये.

कोणी म्हणेल, युद्धात सगळ्यांचं ऐकत बसलं तर लढाई कधी होणार? होते की. ११ डिसेंबर १९७१ ला आपल्या २ पॅराने टांगाइलजवळ उडी घेतली, ही पलटण म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच. काम काय, पुंगलीचा पूल धरायचा. तेच, पूल आणि पॅराशूट. पण तिथे कादर सिद्दीकीची मुक्तिवाहिनी आधीपासून जमिनीवर होती, आपला एक ऑफिसर आधीच आत जाऊन त्यांच्याबरोबर होता, उतरण्याची जागा स्थानिक लोकांना विचारून आणि त्यांच्या राखणीत. आणि दुसऱ्या दिवशी १ मराठा जमिनीवरून येऊन त्यांना मिळाली. शत्रू माघार घेत होता, मान्य, एसएस पँझर नव्हते, तेही मान्य. पण गावकऱ्याचं ऐकायला पँझर नसावे लागतात असं काही नाही.

हॉलंडची गोष्ट अजून एक आहे जी पुलाच्या फोटोत येत नाही. आर्न्हेममधून जर्मनांनी सगळ्या लोकांना, लाखाच्या घरात, हाकलून दिलं. मोहिमेला मदत म्हणून डच सरकारने रेल्वेचा संप करवला होता, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक बंद केली, त्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये हजारो माणसं भुकेने मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. नव्वद टक्के यश ते हेच.

तरी त्या डच लोकांनी कोणाला दोष दिला नाही, उलट ओस्टरबेकच्या कबरस्तानात दर सप्टेंबरला शाळेची पोरं प्रत्येक थडग्यापाशी फूल घेऊन उभी राहतात, पोलिश थडग्यांपाशीही. आणि फेरी नाही असं सोसाबोव्स्कीला सांगणारी ती कोरा बाल्टुसेन, ती युद्धानंतर कित्येक दशकं त्याच्या आणि त्याच्या लोकांच्या सन्मानासाठी भांडत राहिली, पत्रं लिहिली, दारं ठोठावली. शेवटी मे २००६ मध्ये राणी बिआट्रिक्सने ब्रिगेडला देशातला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला आणि सोसाबोव्स्कीला मरणोत्तर ब्राँझ लायन हे शौर्यपदक. कोरा नोव्हेंबर २००५ मध्ये गेली होती.